ब संघाची वही

मे संपत आला. मैदान मोकळं.
गोलच्या जाळ्या गुंडाळून शेडमध्ये टाकल्या,
आणि समोर ही वही,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीची,
निवृत्त होताना पिशवीत घालून आणलेली.
रकाने छापलेलेच आहेत:
पास. परत भट्टीत. भंगार.

पैसे चौदा जणांचे. नावं तेवीस.

एकतीस वर्षं मी कास्टिंगवर हातोडी मारून ऐकलं.
सलग असलं तर घंटेसारखं बोलतं,
आत चीर असली की आवाज तिथल्या तिथं बसतो.
पोरांना कुठं मारायची हातोडी?

दस्तगीर मुल्ला, गोलकीपर.
हुबळीच्या एका बँकेनं बोलावलंय, महिना बावीस हजार.
आमच्याकडं आठ, आणि सरावानंतर दोन उकडलेली अंडी.
राहतोस काय रे, विचारलं.
"नोडोण, काका."
नोडोण म्हणजे बघूया.
कानडीत बघूया म्हणजे बहुतेक नाही.
मराठीत तरी वेगळं काय की.

त्याच्यामागं कोण?
म्हणून ब संघाचं पान उघडलं.
अनगोळचा एक आहे, पेनल्टी कॉर्नरला डोळे मिटतो.
आणि जांबोटीचा मारुती गावडे, वय सतरा,
दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधे बसून येतो,
पायाला पुठ्ठ्याचे पॅड, सायकलच्या ट्यूबनं आवळलेले.
मार्चमध्ये निपाणीच्या पोरांनी त्याच्यावर अकरा गोल चढवले.
अकरापर्यंत रेषेवर खिळून होता.
बाराव्याला पुढं आला.
पुढं आला, हे लिहायला रकाना नाही.

सांतान फर्नांडिस, खानापूर. गुडघा.
(गुडघा एवढंच लिहिलंय. गेल्या वर्षीही एवढंच लिहिलं होतं.)

परशराम सांबरेकर, सेंटर हाफ, चौतीस.
त्याच्या एका पगारात ब संघातले दोघे बसतात,
हे गणित चौथीतलं पोर करेल.
पण हल्याळच्या मॅचला शेवटची सात मिनिटं
तो चेंडूच्या जवळही गेला नाही, नुसता बोलत होता:
डावीकडं, बसू. थांब. सोड आता.
एक-शून्यनं जिंकून आलो.
त्या सात मिनिटांचा पगार कितीनं धरायचा?

अध्यक्षांचा फोन:
गुंजीकर, उद्या सह्या. करार कानडीत आलाय,
पोरांना वाचून सांगा.
सांगेन की. सगळ्यांना कानडी कळतंच,
फक्त कलम सात कुणालाच कळत नाही,
"क्लबला योग्य वाटल्यास."
सांबरेकर मराठीत सही करील, बसू कानडीत,
गावडे आईचा अंगठा घेऊन येईल, अठरा कुठं झालीत त्याला.

रात्री अकराला परशराम आला.
चप्पल उंबऱ्याबाहेर, स्वतः उंबऱ्यात.
"काय लिहिलंस?"
मी वही पालथी घातली.
"अर्धा पगार लिही. आणि ब संघाबरोबर सोड मला.
त्या जांबोटीच्या पोराला कधी पुढं यायचं ते कळतंय,
कधी नाही यायचं ते कोण सांगणार?"
"अर्ध्यावर घर चालतंय काय रे?"
"चालत नाही," म्हणाला.
पाणी प्याला. तांब्या जाग्यावर ठेवला.
गेटची कडी लावायला विसरला,
किंवा लावली नाही.

मग मी त्याचं नाव लिहिलं
पास आणि परत भट्टीत यांच्या मधल्या रेघेवर,
पेन्सिलीनं. एकतीस वर्षांत
रेघेवर काही लिहिलं असतं
तर सुपरवायझरनं दिवस कापला असता.

सवयीनं टेबल ठोकून बघितलं.
लाकूड.
लाकडाचं मला काही कळत नाही.